अर्थसंकल्पानंतर घरचा हिशेब कसा लावायचा: आधी कर, मग लाभ, शेवटी खर्च

अर्थसंकल्प मांडला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच ओळी फिरतात: काय स्वस्त, काय महाग. घराला खरा फरक पडतो तो दुसरीकडेच. पगारातून कापला जाणारा कर, आईबाबांच्या ठेवीवरचं व्याज, मुलीची फी आणि खात्यात येणारा एखादा सरकारी हप्ता हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. बहुतेक घरांत हिशेब उलटा होतो. आधी 'आपल्याला काय मिळणार' ते ठरतं, त्यावर खर्च ठरतो आणि पात्रता तपासायची राहून जाते. मग जुलैमध्ये कर भरावा लागतो, नाहीतर हप्ता अडकतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पाचवा टप्पा आधी केला तर दुसऱ्यातली चूक तिथपर्यंत जाते.

तयारी: कागद एकत्र काढा

एका रविवारी तासभर काढा. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं वेगळं पान करा. कुटुंबाचं एकच पान केलं की तिथेच घोळ सुरू होतो, कारण आयकर माणसागणिक लागतो आणि योजना कुटुंब पाहतात.

प्रत्येक पानावर: वर्षाचा एकूण पगार किंवा पेन्शन (हातात येणारी नव्हे, कपातीआधीची), बँक, पतसंस्था आणि पोस्टातलं व्याज, भाडं, शेतीचं उत्पन्न, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेला नफा. सोबत मागच्या वर्षीचा फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला), आयकर पोर्टलवरचा फॉर्म २६एएस (तुमच्या नावे जमा झालेला कर) आणि वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस. एआयएस बघायचा कंटाळा करू नका. विसरलेल्या जुन्या एफडीचं व्याज, गेल्या दिवाळीत विकलेले फंड, सगळं तिथे आधीच नोंदलेलं असतं.

कुटुंबाच्या पानावर: शिधापत्रिकेचा रंग, चारचाकी कोणाच्या नावावर, सातबारा कोणाच्या नावावर आणि चालू असलेल्या प्रत्येक योजनेचा नोंदणी क्रमांक.

*तपासा:* आधार, पॅन आणि बँक पासबुक या तिन्हींवरचं नाव अक्षरश: एक आहे का? लग्नानंतर बदललेलं आडनाव एका ठिकाणी नवं आणि दोन ठिकाणी जुनं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करायला टाका. पुढचे सगळे टप्पे यावर अडतात.

टप्पा १: घोषणा कोणाची, आणि लागू कधीपासून

प्रत्येक घोषणेपुढे तीन गोष्टी लिहा: केंद्राची की राज्याची, कागद निघाला का, तारीख कोणती.

केंद्राच्या कराबाबत कागद म्हणजे संसदेत मंजूर झालेलं वित्त विधेयक. राज्याच्या योजनेबाबत शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. भाषणात ऐकलेलं वाक्य म्हणजे कागद नव्हे.

उदाहरण जवळचंच आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डावरच्या व्याज सवलतीची कर्जमर्यादा ३ लाखांवरून ५ लाख करण्याची घोषणा झाली. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने योजना पुढे चालू ठेवली ती ३ लाखांच्याच मर्यादेने. भाषण ऐकून ज्याने पाच लाखांचं पीक कर्ज चार टक्क्यांनी धरलं, त्याचा हिशेब चुकलाच. पीक कर्जाबाबत विकास सोसायटीत किंवा बँकेच्या शाखेत एकच प्रश्न विचारा: 'यंदाचं परिपत्रक आलं का, आणि त्यात मर्यादा किती?'

आता तारीख. आयकराच्या दरातले बदल साधारण १ एप्रिलपासून लागू होतात, पण प्रत्येक वेळी नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या नफ्याचे दर २३ जुलै २०२४ पासूनच बदलले: अल्पकालीन १५ वरून २० टक्के, दीर्घकालीन १० वरून १२.५ टक्के. त्या वर्षी एकाच फंडाची जूनमधली विक्री आणि ऑगस्टमधली विक्री यांना वेगवेगळे दर लागले.

काही गोष्टी अर्थसंकल्पात नसतातच, तरी लोक त्यांची वाट तिथेच बघतात. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा मोठा बदल अर्थसंकल्पाबाहेर झाला. पोस्टाच्या अल्पबचत योजनांचे व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतात. गृहकर्जाचा हप्ता रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावर हलतो. या तिन्हींसाठी वेगळं पान ठेवा.

*सावधान:* १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं आणि कलमांचे क्रमांक बदलले. मात्र २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचं विवरणपत्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे. या लेखात लोकांच्या तोंडी बसलेले जुनेच क्रमांक ठेवले आहेत.

टप्पा २: एकेकाचा कर काढा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून सावकाश.

आयकराच्या दोन प्रणाली आहेत: जुनी, वजावटींची, आणि नवी, कमी दरांची. नव्या करप्रणालीचे २०२५-२६ पासूनचे दर असे: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के, त्यापुढे ३० टक्के. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात हे टप्पे बदलले नाहीत.

'१२ लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य अर्धं आहे. करमुक्त आहेत ते पहिले ४ लाख. ४ ते १२ लाखांवर कर लागतोच, ६०,००० रुपये होतो, आणि मग कलम ८७अ ची सूट तो पुसून टाकते. ही सूट अटींसकट येते:

१. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत हवं. पगारदार आणि पेन्शनरांना त्याआधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांच्यासाठी आकडा १२ लाख ७५ हजार होतो. दुकानदाराला, भाड्यावर जगणाऱ्याला किंवा फक्त व्याज असणाऱ्याला ७५ हजारांची ती वजावट नाही.

२. शेअर, फंडांवरच्या विशेष दराच्या नफ्याला ही सूट लागत नाही. समजा पगाराचं करपात्र उत्पन्न १० लाख आणि इक्विटी फंड वर्षाच्या आत विकून १ लाख नफा. एकूण ११ लाख, म्हणजे बाराच्या आतच. पगारावरचा ४०,००० कर माफ होतो, पण नफ्यावर २० टक्क्यांनी २०,००० आणि त्या करावर ४ टक्के उपकर, असे २०,८०० रुपये भरावेच लागतात. 'आपण बाराच्या आत' म्हणून गाफील राहिलेल्यांना नोटीस येते ती इथूनच.

३. सूट फक्त निवासी व्यक्तीला आहे. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाचा पुण्यातला फ्लॅट वर्षाला ९ लाख भाडं देत असेल, तर ३० टक्के वजावटीनंतर ६ लाख ३० हजार उरतात आणि उपकरासह ११,९६० रुपये कर बसतो. तोच फ्लॅट इथे राहणाऱ्या भावाच्या नावावर असता आणि त्याला दुसरं उत्पन्न नसतं, तर शून्य. अनिवासींच्या भाड्यातून भाडेकरूने कर कापायचा असतो, हेही त्या घरांत बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

आता बाराच्या काठावरची माणसं. पगार १२,७५,००० असेल तर कर शून्य. तोच १३,००,००० झाला की करपात्र उत्पन्न १२,२५,००० होतं. दराप्रमाणे कर ६३,७५० येतो, पण सीमांत सवलत सांगते की १२ लाखांवर जितकं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर नको. म्हणून कर २५,०००, उपकर धरून २६,०००. म्हणजे पंचवीस हजारांची वाढ मिळाली आणि घरातून हजार रुपये जास्त गेले! असा पगार असणाऱ्यांनी कंपनीकडे एकच विचारणा करावी: मालकाचं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतलं अंशदान पगाराच्या रचनेत बसवता येईल का? नव्या प्रणालीत मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते, आणि काठावरचा माणूस तेवढ्यानेच बाराच्या आत येऊ शकतो. करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत गेलं की सीमांत सवलत संपते. पुढे नेहमीचा दर.

*तपासा:* गावचं घर आणि शहरातला फ्लॅट, दोन्ही स्वत:साठीच वापरात असतील तर दुसऱ्याचं काल्पनिक भाडं उत्पन्नात धरायचं नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने यासाठीच्या जुन्या अटी काढल्या. अजूनही काही जण सवयीने ते भाडं दाखवतात.

टप्पा ३: जुनी की नवी, आणि कंपनीला कधी सांगायचं

नवी प्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी तर सांगावं लागतं. ऑफिसातला सल्ला ऐकून ठरवू नका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं गृहकर्ज तुमच्या डोक्यावर नाही.

१३ लाख पगाराचाच हिशेब पुढे नेऊ. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सी चे (पीपीएफ, आयुर्विमा अशा गुंतवणुकीचे) १,५०,०००, आरोग्य विम्याचे २५,०००, गृहकर्जाच्या व्याजाचे २,००,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५००. एकूण ४,२७,५००. उरले ८,७२,५००, कर उपकरासह ९०,४८०. नव्यात २६,०००. जुनी प्रणाली बरोबरीला यायची तर वजावटी ७ लाख ३७ हजारांच्या पुढे हव्यात, आणि त्या घरभाडं भत्त्याशिवाय जवळजवळ कोणाच्याच होत नाहीत.

२० लाख पगारावर नव्या प्रणालीचा कर १,९२,४००. तिथे बरोबरीसाठी सुमारे ७ लाख ५८ हजारांच्या वजावटी लागतात. मुंबईत मोठं भाडं भरणारा आणि त्याचवेळी गावाकडच्या किंवा दुसऱ्या शहरातल्या घराचं कर्ज फेडणारा तिथपर्यंत पोचू शकतो. बाकीच्यांनी एकदा आकडे मांडून विषय मिटवावा.

क्रम असा ठेवा. एप्रिलमध्ये कंपनीच्या पोर्टलवर पर्याय भरा, म्हणजे दर महिन्याची टीडीएस कपात (पैसे देणाऱ्यानेच आधी कापलेला कर) बरोबर होईल. चुकून दुसरा भरला गेला तरी पगारदाराला विवरणपत्र भरताना बदलता येतो, फक्त ते मुदतीत भरलेलं हवं. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर मात्र ही मोकळीक नाही. जुन्या प्रणालीसाठी वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो आणि तिथून परत नव्यात यायची संधी एकदाच मिळते. दुकान किंवा क्लिनिक चालवणाऱ्यांनी सीएला विचारल्याशिवाय हा फॉर्म भरू नये.

*सावधान:* नवी प्रणाली घेतली म्हणून पीपीएफ, मुदत विमा, आरोग्य विमा बंद करू नका. करसवलत गेली, गरज गेली नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. २५,००० च्या मूळ हप्त्यावर पूर्वी ४,५०० जात होते. नूतनीकरणाची पावती काढा आणि मूळ हप्ता वाढवून ती रक्कम पुन्हा तुमच्याकडूनच घेतली जात नाही ना, ते पाहा. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीला ही माफी नाही.

टप्पा ४: आईबाबांचं व्याज

१ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा ५०,००० वरून १,००,००० झाली. इतरांसाठी बँकेत ४०,००० वरून ५०,०००. ही मर्यादा बँकेने कर कधी कापायचा यासाठी आहे. व्याज त्या मर्यादेपर्यंत करमुक्त झालं, असा तिचा अर्थ नाही. ९५,००० व्याजावर एक रुपया कापला नाही तरी ते उत्पन्नात धरायचंच.

समजा बाबांना ६ लाख पेन्शन आणि एका बँकेत १,२०,००० व्याज. नव्या प्रणालीत ७,२०,००० मधून ७५,००० गेले, ६,४५,००० वर १२,२५० कर, तो सवलतीने शून्य. कर शून्य, तरी व्याज लाखावर असल्याने बँक १० टक्क्यांनी १२,००० कापणार. हे टाळायला वर्षाच्या सुरुवातीलाच, पहिलं व्याज जमा व्हायच्या आत, बँकेत १५एच द्यावा लागतो. साठीच्या आतल्यांसाठी १५जी. दोघांच्या अटी वेगळ्या आहेत. १५एच ला अंतिम कर शून्य असला की पुरतं. १५जी ला त्याशिवाय वर्षाचं व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत लागतं. नव्या कायद्यात या नमुन्यांचाही क्रमांक बदलला आहे, तेव्हा काउंटरवर 'टीडीएस न कापण्याचं घोषणापत्र' एवढंच मागा.

चार बँकांत ठेवी असतील तर चारही ठिकाणी द्या. एका बँकेत दिलेलं दुसरीला कळत नाही. आणि कर बसत असताना 'कापू नये' म्हणून घोषणापत्र देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र, हे एजंट सांगत नाहीत.

राहून गेलं असेल तर पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरा, परतावा येतो. 'कर नाही तर विवरणपत्र कशाला' म्हणणाऱ्या घरांत हेच १२,००० सरकारजमा राहतात.

टप्पा ५: कुटुंबाची पात्रता, योजनागणिक

कराचे आकडे हातात आले की मगच इकडे या.

पहिली अडचण उत्पन्नाची मोजमापं. शासनाच्या चार खिडक्यांवर चार वेगळी उत्तरं मिळतात आणि सगळी बरोबर असतात.

आयकर एका माणसाचं उत्पन्न बघतो आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त धरतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतो, शेतीसकट आणि वजावटींशिवाय. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रात ८ लाखांच्या मर्यादेत पगार आणि शेती दोन्ही मोजतात, मागच्या एका आर्थिक वर्षाचे. ओबीसी आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेयर दाखल्याच्या ८ लाखांत मात्र शासकीय नोकराचा पगार आणि शेतीचं उत्पन्न बाजूला ठेवून इतर उत्पन्न पाहतात, तेही सलग तीन वर्षांचं, आणि आई-वडिलांचं पदही बघतात.

याचा परिणाम एका घरात बघा. वडील शासकीय वर्ग तीनचे कर्मचारी, पगार ९ लाख, इतर उत्पन्न नाममात्र, प्रवर्ग ओबीसी, मुलगी अभियांत्रिकीला. नॉन-क्रीमी लेयर मिळतं, आरक्षणातून जागा मिळते. पण २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत जी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, तिची अट कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत अशी आहे. तिथे हे घर बसत नाही. 'नॉन-क्रीमी लेयर आहे ना, मग फी माफ' असं धरून प्रवेश घेतलेल्यांना ऑगस्टमध्ये फीचं पत्र येतं. बसणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा, आणि माफी शिक्षण व परीक्षा शुल्काची आहे, वसतिगृह-मेसची नाही.

दाखल्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. निकालाआधीच करा; जूनमध्ये रांग आणि सर्व्हर दोन्ही थकलेले असतात. दाखल्यासाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. तरी बाहेरचा टपरीवाला पाचशेचा स्टॅम्प पेपर पुढे करतो. नको म्हणा.

दुसरी अडचण: एका माणसाचा कर दुसऱ्याचा लाभ थांबवतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा १,५०० रुपयांचा हप्ता जुलै २०२४ पासून सुरू आहे. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. कुटुंबातला कोणी आयकरदाता, सरकारी नोकर किंवा चारचाकीचा मालक असला (ट्रॅक्टर सोडून) तर बाद. कुटुंब म्हणजे इथे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण बाकीच्या अटी सुटत नाहीत. टॅक्सीसाठी म्हणून दिराने तुमच्या नवऱ्याच्या नावावर गाडी घेतली तर तीही मोजली जाते.

तिसरी: दोन लाभांची बेरीज होत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० मिळत असतील तर लाडकी बहीणचे वर मिळत नाहीत. पीएम किसान आणि नमो शेतकरी महासन्मान मिळून वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला १,००० ज्या बहिणीला मिळतात, तिला इथून फरकाचे ५०० मिळतात. 'माझे हजार कापले' अशी जी तक्रार येते, तिच्यामागे बहुधा हेच असतं. कपात झालेली नसते, नियमच तसा आहे.

आता अर्थसंकल्पाचा आकडा कसा वाचायचा ते. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी होते. आदल्या वर्षी ४६,००० कोटी. एका बहिणीचे वर्षाचे १८,०००. भागाकार केला की बरोबर २ कोटी बहिणी बसतात, आणि लाभार्थी तेव्हा सव्वादोन कोटींच्या वर होते. अशा वेळी दोनच गोष्टी होऊ शकतात: पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्षाच्या मध्ये विधिमंडळाची मंजुरी घेऊन, पैसे वाढतील किंवा यादीची छाननी होईल. हप्ता २,१०० रुपये करण्याचं निवडणुकीतलं आश्वासन त्या आकड्यात बसणं शक्य नव्हतं, हेही याच भागाकारातून कळतं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) सक्तीचं झालं, त्यात पती किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. ज्यांनी मार्चमध्ये तरतूद वाचली होती त्यांना याचं आश्चर्य वाटलं नसावं. दर मार्चमध्ये आपल्या योजनेची तरतूद मागच्या वर्षीच्या शेजारी लिहा. कमी झालेली दिसली की कागद आधीच नीट करून ठेवा.

लेक लाडकी योजनेबद्दल एवढंच: १ एप्रिल २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी कार्ड, टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये. त्यातले ७५,००० वयाच्या अठराव्या वर्षी. ते आजच्या हिशेबात धरू नका.

*तपासा:* प्रत्येक योजनेपुढे 'कोणाचं उत्पन्न, कोणत्या वर्षाचं, काय धरून' हे तीन शब्दांत लिहिता येतंय का? येत नसेल तर जीआर पुन्हा वाचा. अटींचा भाग दीड पानाचाच असतो.

टप्पा ६: मंजूर पैसा खात्यात पोचतोय का

थेट लाभ हस्तांतराचे, म्हणजे डीबीटीचे, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारशी जे खातं डीबीटीसाठी शेवटचं जोडलं गेलं, तिथे ते जातात. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार सीडिंग, म्हणजे खातं आधारला जोडणं, वेगळं. नवीन खातं उघडताना कुठल्याशा फॉर्मवर सही झाली आणि सीडिंग तिकडे सरकलं, असं फार होतं. मग पैसे आलेले असतात, पण बाई चकरा मारतात जुन्या बँकेत.

क्रमाने बघा:

१. 'माय आधार' पोर्टलवर मोबाइल ओटीपीने जाऊन बँक सीडिंगची स्थिती पाहा. तिथे कोणत्या बँकेचं नाव आहे?

२. ते खातं चालू आहे का? बरेच महिने व्यवहार नसलेलं खातं गोठलेलं असू शकतं.

३. योजनेच्या पोर्टलवर अर्जाची स्थिती. 'मंजूर' आणि 'हप्ता वितरित' या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

४. पीएम किसानसाठी ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि सीडिंग, या तिन्हींपुढे 'हो' हवं.

सगळं बरोबर असून पैसे नसतील तर लाडकी बहीणसाठी अंगणवाडी सेविका किंवा महिला व बालविकास कार्यालय, शेतीच्या योजनांसाठी कृषी किंवा तहसील कार्यालय. तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या.

*सावधान:* ई-केवायसीच्या काळात सारख्या नावांच्या बनावट साइट निघतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर आधार क्रमांक टाकू नका. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, केंद्रचालकालाही नाही. तो स्वत: टाका.

टप्पा ७: महिन्याचा हिशेब बदला

आता खर्चाकडे या. एका कागदावर तीन ओळी पुरतात.

पहिली: करातला फरक भागिले १२. नव्या दरांनी वर्षाला ३०,००० वाचले तर महिन्याला २,५००. ही रक्कम एप्रिलच्या पगारातच दिसायला हवी. दिसली नाही तर पर्याय चुकीचा भरला गेला आहे. टप्पा ३ वर परत जा.

दुसरी: लाभ. मागच्या तीन महिन्यांत खात्यात खरोखर जमा झालेलीच रक्कम इथे लिहा. जाहीर झालेली, वाढणार असलेली, थकलेली लिहू नका. या पैशावर कर्जाचा हप्ता बांधू नका. बचत गटाचा हप्ता या भरवशावर घेतलेल्या बायकांची छाननीच्या महिन्यांत फार ओढाताण होते.

तिसरी: बाहेरून आलेला फरक. विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी, गृहकर्जाचा हप्ता, शाळेची वाढलेली फी, रिक्षा-एसटीचं भाडं. हा आकडा बहुतेक घरांत उणे येतो आणि करातली निम्मी बचत खातो.

वर्षभराच्या तारखा

फेब्रुवारी: केंद्राचा अर्थसंकल्प, फक्त टिपणं काढा, निर्णय नको. पगारदारांच्या व्यवसाय कराची कपात याच महिन्यात २०० ऐवजी ३०० असते, गोंधळू नका.

मार्च: राज्याचा अर्थसंकल्प, आपल्या योजनांची तरतूद लिहून ठेवा. जुन्या प्रणालीत असाल तर गुंतवणूक ३१ तारखेच्या आत.

एप्रिल: कंपनीला पर्याय, बँकांना घोषणापत्र, सेतूत दाखल्याचा अर्ज.

जून: फॉर्म १६ आणि एआयएस जुळवा. व्याजाचा आकडा जुळत नसेल तर आधी बँकेकडून प्रमाणपत्र मागा. पोर्टलवर हरकत नंतर नोंदवा.

३१ जुलै: पगारदारांच्या साध्या विवरणपत्राची मुदत. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा, नाहीतर भरलेलं विवरणपत्र मुदतीत भरलं असं धरलं जात नाही, आणि जुन्या प्रणालीचा पर्यायही त्यासोबत जातो.